पिवळा, जांभळा, लाल

३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं पत्र, आणि त्यात मोजून पाच शब्द: 'पेटी पोचली. आवाज फाटतो आहे.' खाली सही नाही. सहीची गरज नव्हती म्हणा, 'च'ला शेपूट लावायची तुझी सवय गेलेली नाही.

ॲम्प्लिफायर इथून निघाला तेव्हा ठणठणीत होता. मी स्वतः त्यावर सकाळच्या बातम्या लावून पाहिल्या होत्या, शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला. चार महिने, दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा, दुकानाच्या मागच्या टेबलावर बसून केलेली वस्तू आहे ती. जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह, एका मोडीत निघालेल्या सिनेमा थिएटरचा ट्रान्सफॉर्मर, आणि पेटी आपल्या जुन्या कपाटाच्या फळ्यांची. बाजारात मिळते तशी ती नाही. तू ७ मार्चला पहिल्यांदा एकटी गिटार वाजवणार आहेस हे तुझ्या आईनं सांगितलं, म्हणून घाई केली. खरं तर मला कुणी सांगितलं नव्हतं, ती फोनवर बोलत असताना मी दारात उभा होतो एवढंच.

तेव्हा बिघाड वाटेत झाला असणार. ज्या पेटीवर 'नाजूक' असं लिहिलेलं असतं ती मालमोटारवाले मुद्दाम आपटतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आता कामाचं. आधी गिटारची वायर बदलून बघ. निम्मे आजार वायरीत असतात आणि लोक यंत्राला शिव्या देतात. मग दुसऱ्या कुणाचा स्पीकर जोडून बघ. पेटीतल्या स्पीकरचा कागद फाटला असेल तर त्या स्पीकरवर आवाज साफ येईल आणि तंटा मिटेल. मागची पाटी उघडायची वेळ आली तर प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांब, घड्याळ लावून. आतले कंडेन्सर वीज धरून ठेवतात, तीनशे व्होल्टच्या वर. आणि हात घालताना एक हात खिशात, म्हणजे झटका छातीतून जात नाही. हे तुला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. तुझ्या फ्रॉकला खिसा नव्हता म्हणून तुझ्या आईनं मुद्दाम एक शिवून दिला होता, तो निळा.

एवढं करूनही फाटत असेल तर मग वाजवणाऱ्याकडे बघावं लागतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणत नाही, जुने लोक म्हणतात.

कळव.

तुझे वडील


११ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र काल आलं. या वेळी पूर्ण पान भरलेलं. ते मी दुकानात वाचलं, मग घरी येऊन परत वाचलं. तुझ्या आईनं ते माझ्या हातून घेतलं, वाचून घडी घातली आणि मला म्हणाली, "अंगण वाकडं असं लिहिलंत तुम्ही तिला? चेष्टा सुचली?" मी म्हटलं, ती आपली एक म्हण आहे. ती म्हणाली, "म्हण आहे हे मला माहीत आहे. ज्याला लागते त्याला ती म्हण नसते." रात्रीच्या जेवणात मला नुसता वरणभात वाढला.

तू लिहिलं आहेस ते इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल. 'वायर बदलली. मी ज्यांच्या मागे वाजवते त्या गायकांचा स्पीकर जोडला. तरी तसंच. हळू वाजवलं तर ठीक असतं, जोर दिला की कापड टरकावल्यासारखा आवाज येतो. बाबा, तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं की माझ्या कानाला सूर कळत नाही. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या मागेच वाजवलं, तिथे माझा सूर कुणी वेगळा काढून ऐकत नाही. आता दोष यंत्रात आहे की माझ्या हातात, हेच मला कळेनासं झालं आहे. माझं वाजवणं असंच ऐकू येत असेल तर ७ तारखेला मी न गेलेलं बरं.'

यावर मी तीन कागद लिहून फाडले. ते वाक्य जुनं आहे, त्याचं नंतर बघू. आधी पेटी.

हळू असताना ठीक आणि जोर दिल्यावर फाटतं, ही खूण चांगली आहे. म्हणजे स्पीकर निर्दोष आणि वाटेतली आपटाआपटही बहुधा निर्दोष. मालमोटारवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. आत दोन लहान व्हॉल्व्ह आणि एक मोठा आहे. लहान दोघे तारेचा बारीक आवाज उचलून मोठ्याकडे देतात, मोठा तो स्पीकरला पेलेल असा करतो. खोक्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून लहान व्हॉल्व्हची जादा जोडी ठेवली होती, ती तू बघितली नसशील. पेटी बंद करून, गार झाल्यावर, एकेक बदलून बघ. मग पेटी चालू असताना, मागची पाटी लावलेलीच ठेवून, वर दिसणाऱ्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या रबरानं हलकेच टिचकी मार. टिचकीसरशी स्पीकरमधून खडखड आली तर तो व्हॉल्व्ह सैल आहे.

आणि अर्धा तास वाजवल्यावर मोठ्या व्हॉल्व्हजवळ हात ने. लावू नकोस, नुसता जवळ ने. किती तापतो ते कळव.

फोनवर हे सगळं दोन मिनिटांत झालं असतं, असं तुझी आई म्हणते. तिला म्हटलं, मग तूच सांग तिला रविवारी. तर म्हणाली, "मी काही तुमचा टपालवाला नाही." तुला आठवत असेल, फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतो. कागदावर निदान मधे तीन दिवस जातात.

गेल्या रविवारी तू तिला फोनवर हसून काहीतरी सांगत होतीस. मी दारात होतो. शब्द कळले नाहीत, हसणं कळलं.

बाबा


१७ फेब्रुवारी

लवंगी,

घाईत लिहितो आहे, टपालाची पिशवी साडेचारला निघते.

तू लिहिलंस की व्हॉल्व्ह बदलून काही फरक नाही, टिचकीलाही काही होत नाही, आणि मोठा व्हॉल्व्ह अर्ध्या तासानंतर 'कोमट आहे, बोट टेकवता येतं'. बोट लावू नकोस असं लिहिलं होतं ना मी? तुला नको म्हटलेलं तेवढंच ऐकू येतं, लहानपणापासून.

पण कोमट! तो व्हॉल्व्ह चांगला चालू असेल तर बोट लावणाऱ्याला फोड यायला हवा. कोमट म्हणजे तो उपाशी आहे. त्याच्यातून जेवढी वीज वाहायला हवी त्याच्या पाव हिस्सादेखील वाहत नाही. हळू वाजवतेस तेव्हा तो कसाबसा निभावतो, जोर दिला की त्याचा दम तुटतो, तेच तुला टरकल्यासारखं ऐकू येतं.

त्याला किती वीज मिळावी हे एक रेझिस्टर ठरवतो. पेटी बंद, प्लग बाहेर, दहा मिनिटं. मग पाटी काढून मोठ्या व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूला बघ. तिथे एक जाडसर, बोराच्या बीएवढा रेझिस्टर आणि त्याला खेटून एक निळ्या वेष्टनाचा कंडेन्सर आहे. तुझ्याकडे मीटर नाही, ते बरंच आहे. कशाला हात लावू नकोस. फक्त रेझिस्टरवरचे रंगाचे पहिले तीन पट्टे वाच, सोनेरी पट्टा शेवटचा धरून. आणि उलट टपाली कळव. दिवसाच्या उजेडात बघ, दिव्याच्या नको.

काय असायला हवं ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुला जे दिसेल तेच लिही.

बाबा


२३ फेब्रुवारी

लवंगी,

कार्ड आलं. 'पिवळा, जांभळा, लाल.'

दुकान उघडं होतं, शेजारचा शिंपी त्याचा रेडिओ घेऊन बसला होता. त्याला म्हटलं, उद्या ये. तो म्हणाला, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, जा तू.

असायला हवं होतं पिवळा, जांभळा, तपकिरी. म्हणजे चारशे सत्तर ओहम. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे चार हजार सातशे. दहापट. मी त्या व्हॉल्व्हच्या गळ्याला दहापट करकचून फास लावला आणि वर तुला विचारलं की वाजवता येतं का. दोष यंत्रात आहे, लवंगी. तुझ्या हातात नाही. अंगणच वाकडं होतं आणि ते मी घातलेलं होतं.

आता चाळीस वर्षं रेझिस्टर हाताळणाऱ्या माणसानं लाल आणि तपकिरी यांत चूक कशी केली, हे तू विचारशीलच. त्याचं उत्तर लिहायला मला संध्याकाळ लागली. चहा दोनदा गार झाला.

मला ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत. लाल, तपकिरी, हिरवा, हे तिन्ही माझ्यासाठी एकाच घरातले भाऊ आहेत, कोण कोणता ते आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. विसाव्या वर्षी बंदरावरच्या वायरलेस खात्यात नोकरीला गेलो होतो. लेखी परीक्षेत पहिला आलो. मग डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवून आकडा वाचायला सांगितला. मला ठिपके दिसले, आकडा दिसला नाही. घरी येऊन सांगितलं की वशिला नव्हता म्हणून घेतलं नाही. मग दुकान काढलं, कारण स्वतःच्या दुकानात कुणी ठिपके दाखवत नाही. पण रेडिओच्या पोटात सगळा कारभार रंगांचा. ज्याला रंग कळत नाहीत त्याच्याकडे कोण रेडिओ टाकेल? झाकली मूठ ठेवली. प्रत्येक तुकडा मीटरवर मोजून लावायचो. दुसऱ्याचा रेडिओ दोन तासांत व्हायचा तिथे मला दिवस लागायचा. लोक म्हणायचे, फार चोख काम करतो.

मग तू बोलायला लागलीस. चौथ्या वर्षी तू काउंटरवर पाय हलवत बसायचीस आणि जे दिसेल त्याचा रंग सांगायचीस. एक दिवस मी तुझ्यासमोर मूठभर रेझिस्टर ठेवले. आपला 'रंगांचा खेळ' तुला आठवतो का? दहा बरोबर सांगितले की एक बिस्किट. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या चाळीस डब्या, त्यांवर तू खडूनं आकडे लिहिलेस. ७ उलटा काढायचीस. पुढे तू मोठी झालीस, खेळ संपला, पण तू शाळेतून आलीस की मी म्हणायचो, जरा हे वाच गं, चष्मा सापडत नाही. तुला वाटायचं बाबा तुला धंदा शिकवतायत. शिकवत होतोही. पण खरं म्हणजे तू वाचायचीस म्हणून ते दुकान चालायचं. पंधरा वर्षं मी तुझ्या डोळ्यांवर पोट भरलं आणि तुला ते सांगितलं नाही.

तू गेल्यावर पुन्हा मीटर आला. पण तुझ्या डब्यांतला माल मी उचलताना कधीच मोजला नाही. ज्या डबीवर तुझा आकडा, त्यातलं निर्धास्त उचलायचं, हा माझा नियम. मागच्या वर्षी भिंतीवरची फळी निसटली आणि सात-आठ डब्या जमिनीवर सांडल्या. बसून एकेक रेझिस्टर मोजून परत भरला. शेवटची मूठ राहिली तेव्हा मीटरची बॅटरी संपली आणि गिऱ्हाईक समोर उभं. ती मूठ मी अंदाजानं भरली. पुढे ते विसरलो. तुझ्या पेटीसाठी '४७०' लिहिलेल्या डबीतून उचलला तेव्हा मोजायची गरज वाटली नाही, वर तुझं अक्षर होतं ना. आणि पेटी मोठ्यानं वाजवून पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं, पण मोठ्यानं वाजवायला दुकानात गिटार कुठे होती? बातम्या कुणी जोरात वाचत नाही.

हे सगळं आज तुझ्या आईला सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मला वाटलं ती बसेल खाली. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात कळलं. हिरवेगार कच्चे टोमॅटो घेऊन आलात आणि वर म्हणालात, बघ कसे लालबुंद मिळाले." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही एवढ्या मेहनतीनं लपवत होतात, मोडवेना माझ्याच्यानं. टोमॅटो तेवढे मी आणायला लागले."

या पत्राला खाली चिकटपट्टीनं एक रेझिस्टर लावला आहे. मीटरवर तीनदा मोजला. तरी लावण्याआधी तू वाच. पिवळा, जांभळा, तपकिरी दिसला तरच लाव. डाग देताना जुना पूर्ण काढ, पाय आधी घासून घे, सोल्डर चकचकीत बसलं पाहिजे, मळकट दिसलं तर परत तापव. तुला येतं हे सगळं. तुझा डाग माझ्यापेक्षा सुबक असायचा. एक हात खिशात.

मला लाज वाटते आहे. कळव.

बाबा


४ मार्च

लवंगी,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहायला बसलो, सवय लागली.

तुझं पत्र आज दुपारी आलं. 'बाबा, नवा लावला. आवाज स्वच्छ झाला. मोठा व्हॉल्व्ह असा तापतो की जवळ बसवत नाही. रंगांचं वाचून मी खूप रडले आणि मग हसले, कारण तो हिरवा स्वेटर तुम्ही लाल म्हणून आणला होतात आणि मी तो वर्षभर लाल म्हणून घातला, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. पण बाबा, पेटी बरी झाल्यावर मला कळलं की मला ती बिघडलेलीच हवी होती. आता सबब उरली नाही. गिटार हातात घेते आणि तुमचं ते वाक्य ऐकू येतं. पेटीत चूक होती हे तुम्ही लिहिलंत. त्या वाक्यात चूक होती असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी कार्यक्रमवाल्यांना नाही म्हणून कळवणार आहे.'

तुझी आई म्हणाली, "अर्धंच लिहिलंत ना तुम्ही? अर्धंच लिहिणार हे मला ठाऊक होतं." तिनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तू 'हॅलो' म्हणालीस. मी काय विचारलं ते तुला माहीत आहे. 'मोठा व्हॉल्व्ह आता नीट तापतो ना?' तू 'हो' म्हणालीस. मी 'बरं' म्हणून ठेवून दिला.

आई हातातलं भांडं ओट्यावर आपटून म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. जा."

मी म्हटलं, दुकान?

"सहा वर्षं दुकान उघडंच आहे. कोण आलं?"


६ मार्च, दुपारी

लवंगी,

हे मी तुझ्या जिन्यात बसून लिहितो आहे. तिसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर, जिथे कुणाची तरी सायकल कुलूप लावून ठेवलेली आहे. परवाचं, म्हणजे ४ तारखेचं पत्र टाकलं नाही, तेही सोबत देतो. पहाटेच्या बसनं निघालो. दुकानाला कुलूप लावलं, पाटी शिंप्याकडून लिहून घेतली, 'मालक मुलीकडे गेले आहेत'. मी 'बाहेरगावी' लिही म्हटलं होतं. तो म्हणाला, "का, मुलीकडे म्हणायला लाज वाटते का?"

वर आलो तेव्हा तू वाजवत होतीस. बेल वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. पाऊण तास झाला. एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या, मला विचारलं, "कोण हवंय?" मी दाराकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "बेल चालते की त्यांची." आता त्या खाली आल्या की काय सांगू, हा विचार करतो आहे.

ते वाक्य. आता लिहितो.

त्या दिवशी तू दुकानात आलीस, मैत्रिणीची गिटार घेऊन. काउंटरवर बसलीस, लहानपणी बसायचीस तिथेच, आणि म्हणालीस, बाबा, ही चाल मी केली आहे, ऐका. आणि सांगून टाकलंस की शहरातल्या एका वाद्यवृंदात तुला घेतलंय आणि तू पुढच्या महिन्यात जाणार. मी टेबलावर एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर तपासत होतो. सूर देणारं यंत्र चालू होतं, समोर त्याचा पडदा, माइक जोडलेला. तू वाजवायला लागलीस. मी माइक तुझ्याकडे सरकवला. तुला दिसलं नाही, तुझे डोळे मिटलेले होते.

त्या यंत्राची गोष्ट तुला ठाऊक आहे. यंत्राचा सूर आणि समोरचा सूर जुळले की पडद्यावर एक वर्तुळ उमटतं आणि जागच्या जागी थांबतं. केसभर फरक असला तरी ते गरगर फिरायला लागतं. तू सुरुवातीला तारा लावल्यास, तुझ्या कानानं, कशाचाही आधार न घेता. एकेका तारेला मी यंत्राचा काटा तिच्या जागी नेऊन ठेवला. सहाही तारांना वर्तुळ थांबलं. मग तू ती चाल वाजवलीस आणि शेवटचा सूर लांबवलास. तार विझत गेली तसं वर्तुळ चपटं चपटं होत गेलं, पण फिरलं नाही. शेवटी एक आडवी रेघ उरली, तीही स्थिर. लोक त्या रेघेला हिरवी म्हणतात. मला तिचा रंग दिसत नाही, ती थांबलेली आहे हे दिसत होतं.

तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, कसं होतं?

मी तुझ्याकडे बघितलं, तुझ्या मागच्या चाळीस डब्यांकडे बघितलं. तू गेलीस की हे कोण वाचणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि मी म्हणालो, तुझ्या कानाला सूर कळत नाही, लोक हसतील, इथे बस, पोट भरेल.

माझ्यापुढे मोजमाप होतं आणि मी खोटं बोललो. आयुष्यात मी मीटर कधी खोटा पाडला नाही, तेवढा तो एकदा पाडला, आणि तो तुझा. तू पंधरा दिवसांनी न सांगता गेलीस ते बरोबर केलंस. पण ते वाक्य सोबत घेऊन गेलीस, याची मला कल्पना नव्हती. मला वाटायचं, रागानं बोलत नाहीस. तू त्यावर विश्वास ठेवला असशील असं कधी मनात आलं नाही. बाप म्हणून मला क्षमा कर असं लिहिणार होतो. नको. ते तू तुझ्या वेळेनं ठरव. मला फक्त ते वाक्य परत घ्यायचं आहे. ते खोटं होतं. मी बोललो तेव्हाच मला माहीत होतं की ते खोटं आहे.

तू आत आता तीच चाल वाजवते आहेस. मी विसरलो असेन असं तुला वाटलं असेल, मला पहिल्या चार सुरांत कळलं. मधे तू काहीतरी नवं घातलं आहेस, ते मला फार आवडलं. पेटीला किंचित घुमारा आहे, ट्रान्सफॉर्मर थोडा वाकडा बसवला गेला, तो माझा दोष, दहा मिनिटांचं काम आहे. बाकी आवाज मोकळा आहे. माझ्याजवळ इथे कसलंही यंत्र नाही, नुसते कान आहेत. सूर लागलेला आहे, लवंगी. तेव्हाही लागलेला होता.

संध्याकाळी त्यांना जे कळवायचं ते कळव, मी मधे पडणार नाही. खिशात ७ तारखेचं तिकीट आहे, शेवटच्या रांगेतलं, तुझ्या आईनं मागवून ठेवलं होतं. तू नाही म्हणालीस तर ते फाडून टाकीन आणि रात्रीची बस पकडीन.

शेवटचा सूर लांबवते आहेस. तो पुरता विझेपर्यंत थांबतो आणि मग हे दाराखालून आत सरकवतो.

मी इथेच पायरीवर बसलो आहे.

बाबा